वाटेची आखणी

मुंबईहून नाशिककडे येणारी आगगाडी कसारा घाट चढून इगतपुरीस पोहोचली की प्रवाशांना हायसे वाटते. बोगदे संपतात, गार वारा लागतो, आणि पावसाळा सरलेला असेल तर दक्षिणेच्या बाजूस डोंगरांची एक लांब रांग स्वच्छ दिसू लागते. हीच कळसूबाईची रांग होय. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १६४६ मीटर, ह्याच रांगेत आहे. त्या शिखराच्या पश्चिमेस तीन डोंगर एकमेकांना खेटून उभे आहेत. त्यांचे माथे सपाट व बाजू ताशीव आहेत. पूर्वेकडील अलंग, मधला मदन आणि पश्चिमेकडील कुलंग. नाशिक आणि अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) ह्या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील हे तिन्ही डोंगर म्हणजे जुने किल्ले. डोंगर हिंडणारी मंडळी त्यांची नावे एका दमात घेतात, आणि एकाच फेरीत तिन्ही माथे गाठणे हे सह्याद्रीतील अवघड कामांपैकी एक समजले जाते.

परंतु अवघड म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. केवळ उंचीने डोंगर अवघड होत असता, तर कळसूबाई सर्वांत अवघड ठरली असती. प्रत्यक्षात नवरात्रात आयाबाया, म्हातारीकोतारी माणसे देवीच्या दर्शनासाठी तिच्या माथ्यापर्यंत जातात. उभ्या कातळाच्या जागी लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. तिच्याहून ठेंगण्या मदनगडावर मात्र दोरावाचून पाऊल टाकता येत नाही. त्र्यंबकेश्वराजवळच्या हरिहर किल्ल्याचे उदाहरण तर ह्याहून बोलके आहे. एका बाजूने त्याच्या कड्यात शंभराहून अधिक पायऱ्या खोदलेल्या आहेत. त्या इतक्या उभ्या आहेत की वर पाहिले तर टोपी पडावी. पण प्रत्येक पायरीच्या दोन्ही कडांस हात रोवण्यासाठी खोबणी केलेल्या असल्याने धीराचा माणूस त्या सहज चढून जातो. १८१८ साली कॅप्टन ब्रिग्ज हा इंग्रज अधिकारी ह्या पायऱ्या पाहून थक्क झाला होता. त्याच डोंगराचा दुसऱ्या बाजूचा कडा १९८६ साली डग स्कॉट ह्या इंग्रज गिर्यारोहकाने चढला. हा तोच स्कॉट, जो १९७५ साली एव्हरेस्टच्या नैर्ऋत्येकडील भिंतीने प्रथमच माथ्यावर गेलेल्या दोघांपैकी एक होता. त्याच्या नावावरून लोक त्या कड्यास ‘स्कॉटिश कडा’ म्हणतात. स्कॉट हा स्कॉटलंडचा नव्हता ही गोष्ट वेगळी! डोंगर एकच, एका वाटेने तो यात्रेकरूंचा, दुसऱ्या वाटेने जगातील नामवंत गिर्यारोहकाचा. म्हणून गिर्यारोहक डोंगराविषयी बोलतो तेव्हा त्याच्या मनात शिखर नसते, वाट असते. आणि ती वाट पायांनी चालण्यापूर्वी बुद्धीने चालावी लागते. ह्यालाच वाटेची आखणी म्हणतात.

आखणीचा आरंभ दगडापासून होतो. आपला सह्याद्री ज्या खडकाचा बनला आहे तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेला लाव्हारस होय. हा रस एकदाच आला नाही. एक थर पसरावा, थंड व्हावा, त्यावर दुसरा पसरावा, असे पुनःपुन्हा घडले. म्हणून आपल्याकडील खडकाचे थर भाकरीच्या चवडीप्रमाणे आडवे रचलेले आढळतात. त्यांतील काही थर घट्ट व कठीण आहेत, तर काही सच्छिद्र व मऊ. ऊन, वारा आणि पाऊस मऊ थर झिजवून त्याची उतरण करतात; कठीण थर मात्र भिंतीसारखा उभाच राहतो. त्यामुळे पायथ्यापासून माथ्यापर्यंत कडा, मग उतरती सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी असा क्रम लागतो. ह्या सपाटीस आपल्याकडे ‘पदर’ म्हणतात. शास्त्रज्ञांनी ह्या खडकास ‘ट्रॅप’ असे नाव दिले, तेही जिना ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून.

हा जिना राक्षसाच्या मापाचा आहे. पदरावरून माणूस गुराप्रमाणे चालू शकतो, पण पुढची पायरी शंभर हातांची असते. तेव्हा वाट आखणाऱ्यापुढे मुख्य प्रश्न उरतो तो असा, की प्रत्येक कडा कोठे फुटला आहे? कोठे तरी पावसाच्या लोंढ्याने कड्यात अरुंद नाळ कोरलेली असते. कोठे दोन डोंगरांमधील खिंड कड्याच्या निम्म्या उंचीवर आणून सोडते. कोठे डोंगराची सोंड हळूहळू उतरत जाऊन पठारास मिळालेली असते. नाळ, खिंड आणि सोंड हे तीन शब्द ज्याला डोंगरावर बोट ठेवून दाखविता आले, त्याला अर्धी आखणी आली असे समजावे.

किल्ले बांधणाऱ्यांनीही नेमक्या ह्याच जागा हेरल्या होत्या. निसर्गाने जेथे थोडी फट ठेवली, तेथे त्यांनी पायऱ्या खोदल्या व वर दरवाजा बसविला. पुढे १८१८ च्या युद्धात मराठी राज्य गेले. हे गड पुन्हा कोणी लढवू नयेत म्हणून इंग्रज सरकारने नाशिककडील कित्येक किल्ल्यांच्या वाटा सुरुंग लावून फोडल्या. हरिहरच्या पायऱ्या वाचल्या. अलंग आणि मदन ह्यांच्या वाचल्या नाहीत. आजही मदनवर जाताना सुंदर कोरलेल्या पायऱ्या चढत चढत आपण एका वळणावर येतो आणि पुढे पायरीच नाही असे दिसते. तेथे चाळीस-पन्नास फुटांचा उघडा कातळ असतो आणि पायांखाली खोल दरी. अलंगच्या वाटेवरही असाच तुटलेला टप्पा आहे. ह्या दोन टप्प्यांची अवघडता निसर्गाने घडविलेली नसून सुरुंगाच्या दारूने घडविलेली आहे. कुलंगला असा टप्पा नाही. पण त्याची चढण इतकी लांब व दमछाक करणारी आहे की दोन कातळटप्पे पार केलेले लोकही ती संपता संपत नाही म्हणून कुरकुरतात.

आता नकाशा उलगडू या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशात दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर असे प्रमाण असते, आणि समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या तपकिरी रेषा काढलेल्या असतात. ह्या समोच्च रेषा. दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचे अंतर असते. रेषा विरळ असतील तर उतार सौम्य. दाटल्या असतील तर चढ उभा. आणि एकमेकींना चिकटून एकच जाड पट्टा दिसू लागला तर तो कडा. रेषा डोंगराच्या आत मुरडली की तेथे नाळ आहे, बाहेर फुगली की सोंड आहे. ह्याच नकाशावर आणखी एक मौजेची गोष्ट दिसते. कुलंगच्या उत्तर उतारावर दारणा नदी उगम पावते व नाशिक जिल्ह्यातून वाहत जाऊन गोदावरीस मिळते. कुलंग आणि रतनगड ह्यांच्या दरम्यान प्रवरा उगम पावते. तीही पुष्कळ दूरवर जाऊन शेवटी गोदावरीलाच मिळते. डोंगराच्या दोन अंगांस पडलेले पाणी असे निरनिराळ्या वाटांनी एकाच नदीस जाते. गिर्यारोहकाला मात्र ही फारकत फार महत्त्वाची वाटते. धुक्यात दिशा चुकून तो दुसऱ्या अंगास उतरला, तर ज्या गावी जेवण शिजत ठेवले आहे त्या गावी न पोहोचता तो भलत्याच खोऱ्यात जाऊन पडतो.

नकाशा हा चांगला मित्र असला तरी तो सर्व काही सांगत नाही. दोन समोच्च रेषांत २० मीटर अंतर असते, हे आताच आपण पाहिले. मदनवरचा तुटलेला टप्पा १५ मीटरांच्या आत-बाहेरचा आहे. म्हणजे ज्या टप्प्यावर सगळी मोहीम अडायची, तो दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत सहज मावून जातो! कागदावर तेथे काहीच नाही. म्हणून केवळ नकाशा पाहून घरी बसल्या बसल्या आखलेल्या वाटेवर कोणीही विसंबू नये.

नकाशा जेथे मुका होतो तेथे माणसे बोलतात. आंबेवाडी, कुरंगवाडी, उडदावणे ही ह्या डोंगरांच्या पायथ्याची गावे. येथील महादेव कोळी व ठाकर लोकांचे पिढ्यान् पिढ्या ह्या रानात जाणे-येणे आहे. कोणता ओढा माघापर्यंत वाहतो, कोणत्या पदरावर कारवी डोक्याइतकी माजून वाट झाकून टाकते, कोणत्या कड्यास आग्या मोहोळ लागले आहे, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. पण विचारण्याचीही एक रीत आहे. “माथा किती लांब?” असे विचारले तर “हा काय समोरच!” असे उत्तर मिळते, आणि ते खोटेही नसते, सांगणाऱ्याच्या पायांना तो खरोखरच समोर असतो. त्याऐवजी विचारावे, “गुरे कोठपर्यंत चरायला जातात? सरपणाला माणसे कोठवर जातात? त्याच्या पुढे कोणी जाते काय?” गुरे जातात तेथवर मळलेली वाट असणार, माणसे जातात तेथवर निदान पायवाट असणार, आणि त्यापुढे खरे गिर्यारोहण सुरू होणार. ह्या तीन उत्तरांवरून डोंगराचे तीन भाग पडतात, आणि ते कोणत्याही पुस्तकातील वर्णनापेक्षा अधिक उपयोगी असतात.

विचारपूस झाली तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे राहतेच. समोरून पाहिलेला उतार नेहमी वास्तवाहून उभा भासतो. शाळेच्या छपराकडे मैदानातून पाहा आणि मग बाजूने पाहा, म्हणजे ही गोष्ट पटेल. म्हणून डोंगर निदान दोन बाजूंनी पाहावा, आणि शक्य तर सकाळी एकदा व संध्याकाळी एकदा. कारण तिरप्या उन्हात सावल्या लांबतात आणि दुपारी सपाट दिसणाऱ्या कातळावरील खाचा व कंगोरे स्पष्ट होतात.

असे बाजूने पाहण्यामुळे युरोपातील एका प्रसिद्ध शिखराचे कुलूप उघडले. स्वित्झर्लंड व इटली ह्यांच्या सीमेवर, आल्प्स पर्वतात, मॅटरहॉर्न नावाचे ४४७८ मीटर उंचीचे शिखर आहे. एडवर्ड व्हिंपर हा लंडनचा एक तरुण लाकडावर चित्रे कोरण्याचा व्यवसाय करीत असे. १८६० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, चित्रे काढण्याच्या कामगिरीवर तो आल्प्समध्ये गेला आणि त्याला पर्वतांचे वेड लागले. १८६१ पासून त्याने इटलीच्या बाजूने मॅटरहॉर्नवर पुनःपुन्हा चढाई केली आणि प्रत्येक वेळी त्याला परतावे लागले. स्वित्झर्लंडकडील पूर्वेची बाजू तर सरळ भिंतच दिसे. तिकडून जाण्याचा विचार बहुतेकांनी सोडून दिला होता. पण व्हिंपरचा डोळा चित्रकाराचा. ती भिंत एका बाजूने पाहिल्यावर त्याच्या ध्यानात आले की तिचा उतार वाटतो त्यापेक्षा पुष्कळ सौम्य आहे. दुसरी गोष्ट त्याने हेरली ती खडकाच्या थरांची. इटलीच्या बाजूस थर बाहेरच्या अंगास कललेले होते, म्हणजे प्रत्येक कंगोऱ्यावरून पाय घसरावयाचा. मग त्याच डोंगराच्या विरुद्ध बाजूस ते आतल्या अंगास कललेले असणार, म्हणजे पायऱ्यांसारखा पाय ठरावयाचा. आपल्या सह्याद्रीत थर आडवे असल्यामुळे हा भेद फारसा जाणवत नाही; आल्प्समध्ये थर वाकलेले व तिरपे झालेले असल्यामुळे तोच निर्णायक ठरला. १४ जुलै १८६५ रोजी व्हिंपर सहा सोबत्यांसह त्या ‘अशक्य’ बाजूने माथ्यावर पोहोचला.

येथपर्यंतची हकीकत आनंदाची आहे; परंतु ती येथे संपत नाही. उतरताना सातही जण एकाच दोरात बांधलेले होते. त्यांतील एका अननुभवी तरुणाचा पाय घसरला. त्याने पुढच्या वाटाड्यास पाडले, त्यांच्या ओढीने मागचे दोघे खेचले गेले, आणि चौथ्या व पाचव्या माणसांमधील दोर तटकन तुटला. चौघे हजारो फूट खाली कोसळून मरण पावले. तुटलेला दोर हा जवळच्या दोरांपैकी सर्वांत कच्चा व जुना होता. अधिक भक्कम दोर बरोबर असूनही त्या जागी हा कसा वापरला गेला, ह्याची पुढे रीतसर चौकशी झाली. चढण्याची वाट इतक्या हुशारीने शोधणाऱ्या माणसांनी उतरण्याची व्यवस्था मात्र ऐन वेळेवर सोडली होती. कोण कोणाच्या मागे राहील, कोणता दोर कोठे लावावयाचा, हे पायथ्याशीच ठरावयास हवे होते.

ही गोष्ट ध्यानात ठेवून आपण पुन्हा अलंगच्या पायथ्याशी येऊ. तीन किल्ले कोणत्या क्रमाने करावयाचे? आंबेवाडीहून निघाल्यास दोन क्रम संभवतात. आधी कुलंगची लांब चढण चढून मग मदन व अलंग करावेत, किंवा आधी अलंग, मग मदन आणि शेवटी कुलंग. पहिल्या दिवशी पाठीवर शिधा पूर्ण असतो. ओझे जड असते. अशा ओझ्यानिशी अलंगचा कातळटप्पा चढणे त्रासाचे, म्हणून कुलंग आधी असे कोणी म्हणेल. परंतु तसे केल्यास दोन्ही कातळटप्पे थकलेल्या अंगाने चढावे लागतात, आणि कातळावर थकव्याची किंमत फार मोठी असते. ओझे दोराने वर ओढून घेता येते. थकवा दोराने ओढता येत नाही. म्हणून अलंग आधी, हाच क्रम अधिक शहाणपणाचा होय, आणि बहुतेक अनुभवी मंडळी तोच धरतात. पहिल्या दिवशी अलंग चढून तेथील गुहेत मुक्काम. दुसऱ्या दिवशी अलंग व मदन ह्यांमधील खिंडीत उतरून मदन पाहावयाचा आणि पदरावरून लांब वळसा घेऊन कुलंगवर मुक्कामास जावयाचे. तिसऱ्या दिवशी कुलंग उतरून पुन्हा गावात यावयाचे.

ह्या क्रमात एक क्षण असा येतो की तो आखणी करणाऱ्याने रात्री जागून विचार करावा इतका महत्त्वाचा आहे. अलंगवरून खिंडीत उतरताना दोर वरच्या आधारातून दुहेरी ओवतात, एकेक जण दोरावरून खाली येतो, आणि सर्व उतरल्यावर एक टोक धरून दोर खाली ओढून घेतात. दोर हातात आला की वरची वाट बंद! आता परत अलंगवर जावयाचे म्हटले तर पुन्हा तो कातळ मोकळ्या हातांनी चढणे आले. म्हणून दोर ओढण्यापूर्वी म्होरक्याने मोजणी करावी : सर्व माणसे खाली आहेत ना? सर्व सामान खाली आहे ना? पुढच्या टप्प्यास पुरेल इतका उजेड आहे ना? आणि कोणी दुखावला असल्यास खिंडीतून सरळ गावाकडे उतरणारी नाळ सर्वांना माहीत आहे ना? ही नाळ म्हणजे ह्या मोहिमेची सुटकेची वाट. चांगल्या आखणीत अशी वाट प्रत्येक टप्प्यास जोडलेली असते. दोर बांधणे, सोबत्यास दोराने सांभाळणे, दोरावरून उतरणे ह्या विद्या मात्र कागदावरून येत नाहीत. त्या जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली, लहान खडकावर, पुष्कळ दिवस गिरवाव्या लागतात.

आता थोडे गणित. १८९२ साली विल्यम नेस्मिथ ह्या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक सोपा नियम सांगितला. तो आपल्या मापात असा मांडता येतो : दर ५ किलोमीटर चालीस एक तास, आणि दर ६०० मीटर चढास आणखी एक तास. समजा, गावापासून कातळटप्प्यापर्यंत चाल ४ किलोमीटर व चढ ६०० मीटर आहे. चालीस ४८ मिनिटे व चढास ६० मिनिटे, मिळून १ तास ४८ मिनिटे. पाठीवरचे ओझे, कारवीचे रान आणि पायांखालचा घसारा धरून ह्याची दीडपट करावी. म्हणजे सुमारे पावणेतीन तास.

पुढे १५ मीटरांचा कातळ. मंडळी आठ आहेत असे धरू. पहिला माणूस वर जाऊन दोर पक्का करीपर्यंत पाऊण तास. उरलेल्या सात जणांस प्रत्येकी १५ मिनिटे म्हणजे १ तास ४५ मिनिटे. सामान ओढण्यास अर्धा तास. एकूण तीन तास! सहाशे मीटर चढास लागला त्यापेक्षा अधिक वेळ पंधरा मीटरांस लागला. नेस्मिथच्या नियमात ह्याची सोय नाही, आणि नवख्यांची फसगत येथेच होते. जेवण व विसाव्याचा एक तास मिळवा. सकाळी ७ वाजता निघालेले आठ जण पावणेदोन वाजता कातळाच्या वर येतील. तेच सोळा जण असतील तर? केवळ माणसांच्या चढण्यास पावणेचार तास, सामानास एक तास, दोर लावण्यास पाऊण तास. म्हणजे एका कातळावर साडेपाच तास जातील, आणि शेवटचा माणूस वर येईपर्यंत सव्वाचार वाजतील. डिसेंबरात नाशिककडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि माथा, गुहा व पाणी अजून गाठावयाचे असते. मित्रमंडळ मोठे असावे हे खरे, पण अशा वाटेवर न्यावयाची मंडळी मोजकीच असावी.

गणितात पाणीही येते. एका लिटरचे वजन एक किलो; एका माणसास दिवसाला चार लिटर धरले तर तीन दिवसांचे बारा किलो झाले, आणि एवढे वाहून कातळ चढणे शक्य नाही. म्हणून मुक्काम पाण्यापाशीच ठरवावे लागतात. पूर्वजांचे येथे मोठे उपकार आहेत. अलंगवर आणि कुलंगवर कातळात कोरलेली टाकी आहेत. कुलंगवरची टाक्यांची माळ व पाणी अडविण्यासाठी घातलेला दगडी बांध पाहून त्या कारागिरांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. मदनवरही टाके व गुहा आहे, पण तेथील पाण्यावर भरवसा ठेवू नये. म्हणूनच वरच्या क्रमात मदनवर मुक्काम धरलेला नाही.

ऋतूचे काय? इगतपुरीच्या परिसरात वर्षाकाठी ३००० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून पन्नासएक किलोमीटरवर असलेल्या नाशिक शहरात तो जेमतेम ७०० मिलीमीटरच्या आसपास असतो. शहरात रिमझिम आहे म्हणून डोंगरातही तशीच असेल, हा समज घातक होय. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरते आणि ज्या नाळेने उतरावयाचे तिचा धबधबा झालेला असतो. वैशाखात काळा कातळ तव्यासारखा तापतो. ह्या वाटेस हिवाळाच योग्य. आल्प्समध्ये हिशेब निराळा. तेथे दिवस चढला की बर्फ मऊ पडते, त्यात अडकलेले दगड सुटून खाली येतात, म्हणून गिर्यारोहक मध्यरात्रीनंतर दोन-तीन वाजताच कंदील लावून निघतात.

एवढे सर्व करूनही एक आकडा लिहावयाचा राहतोच : मागे फिरण्याची वेळ. १९५३ सालच्या एव्हरेस्ट मोहिमेत २६ मे रोजी इव्हान्स आणि बोर्डिलॉन हे दोघे दक्षिण शिखरावर दुपारी एक वाजता पोहोचले. त्यापूर्वी इतक्या उंचीवर कोणी चढले नव्हते. मुख्य माथा तेथून अवघा शंभर मीटर वर होता. पण प्राणवायूचे यंत्र त्रास देत होते, आणि उरलेला प्राणवायू व उरलेला दिवस जाऊन येण्यास पुरणारे नव्हते. त्यांनी हिशेब केला आणि ते परतले. तीन दिवसांनी, २९ मे रोजी, सकाळी साडेअकरा वाजता तेनसिंग व हिलरी त्याच वाटेने जाऊन माथ्यावर उभे राहिले. त्या दोघांची नावे आपणा सर्वांस पाठ आहेत. शंभर मीटरांवरून परतलेल्या दोघांची नावेही पाठ असावयास हरकत नाही.

अलंगच्या वाटेवर हा आकडा असा लिहिता येईल : “दुपारी २ वाजेपर्यंत निम्मी मंडळी कातळाच्या वर आली नाहीत, तर सर्वांनी खाली उतरावयाचे.” हे वाक्य आदल्या रात्री, पोटभर जेवून, शांत डोक्याने लिहावयाचे असते, कातळाखाली उभे राहून नव्हे, कारण तेथे प्रत्येकाला माथा जवळच दिसतो.

शेवटी ही सर्व आखणी एका कागदावर उतरवावी. मंडळींची नावे, प्रत्येक मुक्कामाची जागा, उतरण्याची वाट, सुटकेची नाळ, आणि परत येण्याचा दिवस व वेळ. कागदाच्या तीन प्रती कराव्यात. एक म्होरक्याच्या खिशात, एक घरी, आणि एक पायथ्याच्या गावात ज्यांच्या अंगणात जेवलो त्यांच्यापाशी. गावातल्या प्रतीवर सर्वांत खाली, ठळक अक्षरांत एक ओळ असावी : “तिसऱ्या दिवशी दुपारी ४ पर्यंत कुलंगवरून येऊ. रात्री ८ पर्यंत न आल्यास शोधास माणसे पाठवावीत. प्रथम खिंडीतील नाळ पाहावी.” तो कागद घरातील कोणास तरी मोठ्याने वाचून दाखवावा, आणि मगच पिशव्या पाठीवर घ्याव्यात.